नारळ उभा राहिला, तो असा

त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की सकाळी नऊलाच गल्लीतली कुत्री गटारीच्या कडेला पोट टेकून पडली होती. वारा म्हणून नाही. आभाळ पांढरंफटक. सोलापूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगू नये, पण त्या दिवशीचं सांगावंच लागतं. कारण पुढे मी जो घोळ घातला त्यात निम्मा वाटा उन्हाचा, निम्मा माझा. खरं बोलायचं तर उन्हाचा जरा कमीच धरा.

चहा घेत घेत ऐका. मला भरभर सांगता येत नाही.

आमची गल्ली अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागून. चौदा-पंधरा घरं, बहुतेक सगळी मागावर राबलेली माणसं. मी स्वतः चाळीस वर्षं चादरी विणल्या. उन्हाळ्यात नळाचं पाणी पुरत नाही, म्हणून गल्लीनं मिळून बोअर मारायचं ठरवलं. ते एका बैठकीत ठरलं. पण मारायचा कुठं? इथं घोडं अडलं.

आता माझे वडील वळसंगचे, पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून लोकांच्या शेतातनं हिंडायचे. खाली पाणी असलं की नारळ आपसूक उभा राहतो, असं लोक मानायचे. वडिलांच्या हातात होतं म्हणून माझ्या हातात यायला ते काय घराचं खरेदीखत आहे? मी जन्मात पाणी शोधलेलं नाही. विहिरीत वाकून बघायचीसुद्धा मला भीती वाटते. पण एकदा बोलता बोलता वडिलांचं सांगून बसलो होतो, ते प्रकाशच्या ध्यानात राहिलं.

प्रकाश म्हणजे आमच्या गल्लीचा पुढारी. कुणाचं बारसं असो की मयत, मंडपवाल्याला फोन त्याचाच. तो नारळ घेऊनच दारात आला. मी नाही नाही म्हणालो, तर तो म्हणाला, जाणती माणसं आधी नाहीच म्हणतात. आता यावर काय बोलणार? हातावर नारळ घेतला आणि निघालो. मागून सगळी गल्ली, लग्नाच्या वरातीसारखी, फक्त वाजंत्री नाही.

दोन चकरा झाल्या. नारळ ढिम्म. माझे मात्र गुडघे बोलायला लागले, डोळ्यांपुढं काजवे. आमच्या गल्लीत सावली म्हणाल तर एकच. महादेवीच्या दारातला कढीपत्ता.

महादेवी माझी शेजारीण, मला अण्णा म्हणते. नवरा जाऊन आठ वर्षं झाली. तो गेला त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यानं ते रोप लावलं होतं. झाड चांगलं पुरुषभर उंच झालेलं. गल्लीतल्या सगळ्या फोडण्या त्या झाडावर. कुणीही यावं, दोन काड्या तोडून न्याव्यात, महादेवी कधी ब्र काढत नसे. उलट कुणी चार दिवस आलं नाही, तर काय गं, आजारी पडलीस काय, म्हणून विचारायची. सावली मात्र जेमतेम एका माणसापुरती.

त्या एका माणसापुरत्या सावलीत मी जाऊन थांबलो. दम घ्यायला, बाकी काही नाही. डाव्या हातानं टोपी काढली, कपाळाचा घाम पुसला. आता घाम पुसताना दुसरा हात हलणारच की. हात कलला आणि नारळ उभा राहिला.

"उभा ऱ्हायला," प्रकाश हळूच म्हणाला.

मागचे सगळे पुढं सरकले. आणि मग माना हलायला लागल्या. आधी प्रकाशची, मग त्याच्या शेजारच्याची, मग त्याच्या मागच्याची. मी तोंड उघडणारच होतो, तेवढ्यात रंगय्या दिसला. रंगय्या आमच्यातला सगळ्यात तिरका माणूस. उन्हाळा आहे म्हटलं तर तो छत्री आणेल. चाळीस वर्षांत तो माझ्या एका शब्दाला हो म्हणाला नव्हता. त्या रंगय्याची मान हलत होती! मी मनात म्हटलं, हासुद्धा मानतोय म्हणजे काहीतरी असणार. वडिलांचं रक्त आहे, आपल्याला कळलं नाही तरी हाताला कळलं असेल.

बघा, माणूस स्वतःला किती पटकन पटवतो.

तिथंच उभ्या उभ्या बैठक झाली. प्रकाश म्हणाला, बोअरची गाडी लावायची तर झाड काढावं लागेल, कुणाची हरकत असली तर आत्ताच सांगा. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी रंगय्याकडं बघितलं. रंगय्यानं प्रकाशकडं. मी एवढंच म्हणालो, "तुमा सगळ्यास्नी पटत असंल तर बघा बाबा." झाड जाणार म्हटल्यावर माझं मन कचरलं होतं, मला म्हणायचं होतं, नका मारू. लोकांना वाटलं, जाणता माणूस, कसा विनयानं बोलतोय.

महादेवी उंबऱ्यात उभी होती. प्रकाशनं तिलाही विचारलं. तिनं झाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अण्णांनी दाखवलंय तर काडा."

झाड कापायला किती वेळ लागतो? मला चहा प्यायला लागतो त्याहून कमी. सगळ्या गल्लीला वास सुटला, एकदम शंभर घरांत फोडणी पडल्यासारखा. महादेवी आत निघून गेली.

गाडी आली. दुपारपासनं दिवे लागेपर्यंत नुसता धुरळा. खाली गेलं तसा राखाडी धुरळा, आणखी खाली गेलं तसा पांढरा धुरळा. पाण्याचा टिपूस नाही. आम्ही सगळे पिठात लोळल्यासारखे दिसत होतो. शेवटी गाडीवाल्यानं मशीन बंद केलं आणि विचारलं, जागा कुणी दाखवली होती. गल्लीत एरवी दोन माणसांचं एकमत होत नाही. त्या दिवशी सगळी बोटं एकाच दिशेला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर एकेक उलगडत गेलं. प्रकाशला आधीपासून मारुतीच्या देवळामागची जागा बरी वाटत होती, तिथं माती उन्हाळ्यातही ओलसर असते. मग बोलला का नाही? म्हणे, मामा, तुमी थांबल्यावर मी काय बोलू? रंगय्यालाही तेच वाटत होतं. मी म्हटलं, मग मान का हलवलीस? तो म्हणाला, प्रकाश हलवत होता, त्याला काहीतरी माहीत असेल म्हटलं. आणि प्रकाश म्हणाला, मी तर मामांकडं बघून हलवली.

म्हणजे मी रंगय्याकडं बघून, रंगय्या प्रकाशकडं बघून आणि प्रकाश माझ्याकडं बघून. जाणता त्यात एकही नाही.

संध्याकाळी हे मी नातीला सांगितलं. ती कॉलेजात मॅनेजमेंटचं शिकते. तिला हसू आवरेना. म्हणाली, आजोबा, माणसं मिळून निर्णय कसा घेतात याचे सिद्धांत आहेत आमच्या पुस्तकात. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला जास्त कळतं, म्हणून जो तो आपलं गिळून टाकतो, आणि कुणालाच नको ते सगळ्यांच्या मतानं होतं. त्यावर परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न येतो. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण एवढं कळलं की पुस्तकात आलंय म्हणजे आधी कुणाच्या तरी गल्लीत घडलेलंच असणार. त्यांचंही झाड गेलं होतं की काय, ते तिच्या पुस्तकात नव्हतं.

मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आमटीत कढीपत्ता नव्हता हे एक, पण तेवढंच नाही. शेवटी उठलो आणि महादेवीकडं गेलो. ती भाकरी थापत होती. मी दारातच बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मला पाण्यातलं काही कळत नाही. त्या दिवशी दम लागला, म्हणून तुझ्या झाडाच्या सावलीला थांबलो. नारळ घामापायी कलला. माझी चूक झाली, माफ कर.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"ते मला त्याच येळंला ठावं व्हतं, अण्णा. रोज दूध घेऊन येताना तुमी तितंच थांबता की. पण एवडी माणसं मान हलवाय लागली, तवा म्हनलं, मलाच काय कळत नसंल. मी गप ऱ्हायले ते तुमच्याकडं बगून. तुमी कुनाकडं बगून गप ऱ्हायला?"