पाय टेकायचा नाही

नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना नाही, देवापुढेही कधी तोंड उघडलं नाही. आज तुम्हाला सांगते — मांडीत सळी घालून पडल्ये, दुसरा उद्योग काय? पण आधीच बजावते, ‘तेव्हा लहान होतीस गं’ असली समजूत घालायची नाही. सव्वीस वर्षांची होते. चांगली घोडी.

देवरूखजवळच्या आमच्या घरी सासूबाई उतरणीवर घसरल्या, मांडीचं हाड मोडलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हाडाला स्टीलची पट्टी लावली, आठ स्क्रूंनी आवळली. एक्स-रे दाखवून मला नीट समजावलं — ही पट्टी चालण्यासाठी नाही, हाड जुळेपर्यंत धरून ठेवण्यासाठी आहे. आधीच भार पडत राहिला, तर तार मागेपुढे वाकवून तुटते ना, तशी तुटेल. तीन महिने पाय टेकायचा नाही. कागदावर लिहूनही दिलं. मराठीत.

आणि जयगडला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं! नवरा म्हणाला, "आई आपली आपण मोरीपर्यंत जायला लागली, की तू खुशाल जा." झालं. माझ्या डोक्यात जरीची साडी, अबोलीचा वळेसर... काय ती अक्कल! डोकं होतं ते वळेसर माळायला, एवढंच.

मग मी काय केलं? — थांबा, सांगते. सहाव्या आठवड्यात मी सासूबाईंना उभं केलं. म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय, आता भार द्यायचा." रोज पडवीत दहा पावलं, मग वीस. त्या घामाघूम व्हायच्या, ओठ चावायच्या — आणि चालायच्या. डॉक्टरांनी सांगितलंय ना!

लग्नाला चार दिवस असताना त्या पडवीतच कोसळल्या. पट्टीचे दोन तुकडे.

डॉक्टर कडाडले, "कुणी चालायला सांगितलं?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पटकन म्हटलं, "ऐकतच नाहीत हो त्या!" — अडखळलेसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "चुकला माझाच, डॉक्टर."

पुन्हा ऑपरेशन. पाय आखूड राहिला तो राहिलाच. मी रडले, खूप रडले. लोकांना वाटलं, सासूसाठी. छे! लग्न हुकलं म्हणून. वर ‘सेवा करावी तर हिने’ हे कौतुक जन्मभर मिरवलं. त्या अठरा वर्षं माझ्यासमोर लंगडल्या, आणि एकदाही बोलल्या नाहीत. का? — ठाऊक नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

आता माझी सून म्हणते, "आई, उठा, डॉक्टरांनी भार द्यायला सांगितलंय." मी म्हणते, "कागद दाखव." ती फुगते — "एवढाही विश्वास नाही?" फुगू दे. चष्मा लावून मी अक्षर न् अक्षर वाचते, मगच पाय खाली. म्हातारी संशयी झाली म्हणून घरात सगळे हसतात. हसू देत.

सासूबाईंनी कागद मागितला नव्हता. त्यांना वाचता येत नव्हतं.

मला येत होतं.