हार निमकरांसाठी नव्हता

हिमाचलातल्या किन्नौरला जाण्याचे ठरले ते दिल्लीत, मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या बागेत, सप्टेंबरच्या उकाड्यात. ठरवले निमकरांनी. निमकर हे केंद्र सरकारच्या सेवेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आमचे शेजारी आणि आमच्या मराठी मंडळाचे उपाध्यक्ष. "सतलजच्या वरच्या खोऱ्यात फुलांचा उत्सव असतो," ते म्हणाले, "लोक डोंगरमाथ्यावरून फुलं खुडून आणतात. बिल्कुल अनटच्ड आहे, यार!" अशा अस्पर्श जागी टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसे न्यायची, यातली विसंगती कोणालाही खटकली नाही. मला खटकली, परंतु मालतीला, म्हणजे माझ्या पत्नीला, बर्फाचे डोंगर पाहायचे होते.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. गाडी आणि मुक्काम मिळून माणशी अठरा हजार रुपये पडले. वाटेतले खाणे वेगळे. पहाटे दिल्ली सोडली, तर नारकंड्याला उशिराचे जेवण आणि रात्री रामपूर असा हिशेब जमतो. हा सफरचंदांचा हंगाम असल्यामुळे नारकंड्याच्या पुढे पेट्यांनी भरलेले ट्रक वाट अडवतात. पहिल्याच दिवशी रामपूरच्या पुढे जाण्याचा अट्टाहास करू नये. रामपुरात अक्रोडाचे सारण भरलेला, वाफवलेला सिड्डू तुपासह अवश्य खावा. आमच्या मंडळींनी तेथे पनीर बटर मसाला मागवला आणि तो दिल्लीसारखा नाही म्हणून नाके मुरडली.

रामपूरच्या पुढे रस्ता कड्याच्या पोटातून कोरून काढलेला आहे. उजव्या हाताला खडक, डावीकडे खोल खाली राखाडी पाण्याची सतलज. गाडीत मोठ्या आवाजात अंताक्षरी चालू होती. चालक नम्रपणे म्हणाला, "साहब, थोड़ी देर गाना बंद कीजिए. ऊपर से पत्थर आए तो आवाज़ सुननी पड़ती है."

"चलो, एक लास्ट गाना!" मागून कोणीतरी ओरडले.

मी उठून स्पीकरची वायर उपटली. पुढच्या प्रवासात माझ्याशी कोणी बोलले नाही. प्रवास सुखाचा झाला.

गाव पाटीच्या दगडांच्या छपरांचे. भोवती ओगल्याची, म्हणजे दिल्लीत ज्याचे पीठ उपवासाला खातात त्या कुट्टूची, गुलाबी शेते उतरणीवर पसरलेली. वर देवदार, आणि त्यांच्याही वर उघडा, करडा डोंगर. आमचा मुक्काम नेगीजींच्या घरी होता. पन्नाशीचा, मितभाषी माणूस. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी उत्सवाचे मर्म सर्वांना समजेल अशा हिंदीत सांगितले. पुरुष डोंगरमाथ्यावर जातात, तेथे मुक्काम करून ब्रह्मकमळे खुडतात आणि हार करून खाली आणतात. (आपल्याकडे गच्चीतल्या कुंडीत एका रात्रीपुरते फुलते, ते ब्रह्मकमळ नव्हे, तो परदेशी निवडुंग आहे. खरे ब्रह्मकमळ हिमरेषेजवळ उगवते.) पहिला हार देवाला. त्यानंतर ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, त्या घरच्या बाईच्या गळ्यात तिचा भाऊ हार घालतो. त्या क्षणी तिचे सुतक संपते.

"मेरी बहन बिमला," नेगीजी म्हणाले. "जाड़े में उसका आदमी गया. तब से टोपी में फूल नहीं लगाया, किसी की शादी में नहीं गई. देवता दो दिन बाहर बैठेगा. उसके अंदर जाने से पहले हार नहीं पड़ा, तो फिर अगला साल."

यापेक्षा स्पष्ट काय सांगायचे असते? निमकर त्या वेळी मोबाइल उंच धरून खोलीभर नेटवर्क शोधत होते.

नेगीजी दुसऱ्या दिवशी वर गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढच्या फरसबंद पटांगणात सारे गाव जमले. पाहुणे म्हणून आम्हांला भिंतीलगत प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या होत्या. "इथून फोटो कसले येणार?" म्हणत निमकरांनी त्या पटांगणाच्या मध्यावर ओढून घेतल्या. मी मुकाट्याने त्यांतल्याच एकीवर बसलो, हेही नमूद करतो. आमच्या पाठीमागे जमिनीवर गावातल्या बायका होत्या. त्यांच्यात बिमला, हिरव्या मखमली पट्टीची टोपी घातलेली. शेजारणींच्या टोप्या फुलांनी भरलेल्या होत्या. तिची तेवढी रिकामी.

ढोल आणि करनाळ, म्हणजे लांबलचक कर्णे, वाजू लागले. माणसे डोंगरावरून रांगेने उतरली. देवाला हार चढला. मग नेगीजी दोन्ही हातांवर दुसरा हार घेऊन बहिणीकडे निघाले. बूट चिखलाने भरलेले, डोळे जागरणाने लाल. त्यांच्या वाटेत आमच्या खुर्च्या होत्या.

निमकर उठले. त्यांनी कोट सारखा केला, हात जोडले आणि मान पुढे झुकवली. उभी हयात व्यासपीठावर गेलेली. समोरून हार येताना दिसला की तो आपल्याचसाठी, अशी त्या मानेची ठाम समजूत आहे. नेगीजी गोंधळून थांबले. "अरे, इसकी क्या ज़रूरत थी!" असे म्हणत निमकरांनी हार त्यांच्या हातांतून घेतला आणि स्वतःच गळ्यात घातला.

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ढोल थांबले. पटांगणात फक्त आमच्या टाळ्या ऐकू येत होत्या. मग त्याही थांबल्या.

"निमकर, हार काढा," मी म्हणालो.

"अहो जोशी, मान देतायत ते. नाही म्हटलं तर वाईट वाटेल त्यांना. एक फोटो काढा आधी."

"तो त्यांच्या बहिणीचा आहे. परवा जेवताना सांगितलं होतं."

तेव्हा कोठे त्यांनी हार काढला. काढून केले काय? मागे वळून तो बिमलापुढे धरला. "लीजिए बहनजी, आप पहन लीजिए."

बिमलाने हाराकडे पाहिलेसुद्धा नाही. "पहना हुआ है," ती म्हणाली. "अब रख लो. फोटो खींच लो."

मालती माझ्या कानाशी पुटपुटली, "अहो, आता हो काय?" त्याचे उत्तर नेगीजींनीच दिले. भर पटांगणात ते उकिडवे बसले, तांब्याभर पाणी प्यायले, उठले आणि आलेल्या वाटेने पुन्हा डोंगराकडे चालू लागले. माथा ढगांत गेला होता. देव दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला आत जाणार होता.

जेवणाच्या वेळी निमकर म्हणाले, "इतकं काय? आपल्या गाजीपूरच्या फूलमंडीतून फर्स्ट क्लास हार पाठवून देतो." कोणीही हसले नाही, ही त्या दिवसातली एकमेव समाधानाची बाब. तरीही सकाळी मंडळी पुढच्या गावी रवाना झाली. हॉटेलचे आरक्षण होते, पैसे परत मिळणार नव्हते. मालती आणि मी मागे राहिलो. त्याने नेगीजींचे ओझे हलके होणार नव्हते. परंतु निकाल न पाहता निघून जाणे मला शक्य नव्हते.

दुपारी गावातले एक वृद्ध गृहस्थ येऊन सांगून गेले, "आज बाहर के लोग मत आना." मी मान डोलावली. डोंगरावर पाऊस पडत असल्याचे स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होते. चूल पेटती ठेवून आम्ही बसलो. ऊन छपरांवरून सरकत गेले. शेजारच्या घराची भिंत तेवढी पिवळी उरली होती, तेव्हा ढोल वाजू लागले. हार आल्याचे ते होते की देव आत जात असल्याचे, हे आम्हांला कळेना. मालतीने माझा हात घट्ट धरला होता.

अंधारता अंधारता बिमला आत आली. गळ्यात हार. पाकळ्या पावसाने चुरगळलेल्या. हार आदल्या दिवशीच्यापेक्षा बराच लहान. टोपीत एक फूल. आम्हांला पाहून ती दारातच थांबली.

"तुम लोग अभी तक गए नहीं?" ती म्हणाली. "खाना खाया? चूल्हा जलाकर बैठे हो, उस पर कुछ चढ़ाया भी है?"

मागोमाग नेगीजी आले आणि भिजल्या कपड्यांनिशी, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपी गेले.

आम्ही सरकारी बसने दिल्लीच्या कश्मीरी गेटला परतलो. अंग ठणकते, पण बस वेळेवर सुटते. मंडळाच्या सभेत सहलीची छायाचित्रे पडद्यावर दाखवण्यात आली. त्यांत हार घातलेले निमकर होते आणि वर मथळा होता: 'स्थानिकांकडून भावपूर्ण सत्कार'. मी उभा राहून घडले ते सांगू लागलो. "वातावरण खराब करू नका," असे मला सांगण्यात आले. मथळा अद्याप तसाच आहे. म्हणून हे येथे लिहिले.

किन्नौरला अवश्य जा. रस्ता सांगितला आहे, खर्चही सांगितला आहे. गावाचे नाव मात्र कोणी विचारू नये. उत्सवाच्या दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी मला दाराबाहेर ठेवले, ते योग्यच केले. तेथील सर्वांत मोलाचे जे घडले, ते मी पाहिलेले नाही, आणि त्याची मला यत्किंचितही खंत नाही.

परवा निमकरांचा फोन आला. पुढच्या वर्षी दोन गाड्या काढायचा बेत आहे. नेगीजींचा नंबर हवा आहे.

"कशासाठी?" मी विचारले.

"गावकऱ्यांचा सत्कार करायचाय," ते म्हणाले.

मी फोन ठेवला.