न मोजलेलं अर्थिंग

पिंपळगाव बसवंतजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात आमच्या कंपनीचं चार्जिंग स्टेशन आहे. गेल्या चैत्रात तिथलं जुनं मशीन काढून दुप्पट ताकदीचं नवं बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं. नाशिकच्या आसपासची सगळीच स्टेशनं आम्ही एकेक करून बदलत होतो, आणि त्याच सुमारास सगळं जाळं नव्या सॉफ्टवेअरवर नेत होतो. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. मशीन बसलं की तपासायचं आणि कागदावर सही करायची, हे माझं काम.

सकाळी दहालाच मशीन उभं राहिलं. पण सुरू केलं की पडद्यावर लाल अक्षरं यायची, अर्थिंग नाही. तीनदा बंद करून चालू केलं, तीच अक्षरं. सोबतचा मिस्त्री वायरिंगमध्ये उभी हयात घालवलेला माणूस. तो म्हणाला, "मॅडम, ही नवी मशीनं लय नाजूक. जुनं चाललंच ना चार वर्षं ह्याच अर्थिंगवर?"

मलाही तसंच वाटत होतं. तेवढ्यात हॉटेलात भांड्यांचं बघणाऱ्या मावशी चहा घेऊन आल्या. मशीनच्या ओट्यापाशी रबरी चपलांचा एक जोड पडला होता, तो मिस्त्रीने पायाने बाजूला सारला. मावशींनी तो उचलून परत जागेवर ठेवला.

"राहू द्या इथंच. गाडीवाल्यांना लागत्यात."

"कशाला?" मी विचारलं.

"पाणीबिणी सांडलं की मशीन झिणझिण करतं. म्हणून मीच ठेवल्यात. पायात घालायच्या न् मग हात लावायचा. काय नाय होत, मुंग्या येत्यात नुसत्या."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? करंटचं मशीन हे. थोडा करंट असणारच ना बाई."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मशीनच्या लोखंडी अंगात चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला वाट हवी. ती वाट म्हणजे अर्थिंग. वाट नसली की वीज थांबते आणि कुणीतरी हात लावण्याची वाट बघते. चार वर्षं लोक त्या मशीनला हात लावत होते.

मी अर्थिंग मोजायचा टेस्टर काढला, त्याच्या खुंट्या जमिनीत ठोकल्या. आकडा एक ओहमच्या आत यायला हवा होता. आला एकशे चाळीस. मिस्त्रीने अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उचललं. आत पाइप व्यवस्थित होता. मशीनकडून येणारी पट्टी मात्र हातभर अलीकडेच मातीत संपली होती. तुटली नव्हती. तिच्या टोकाच्या भोकांत बोल्ट कधी बसलाच नव्हता.

"हे पास कुणी केलं?" मिस्त्री म्हणाला.

मी फोनवर जुना रिपोर्ट उघडला. आकडा लिहिला होता शून्य पूर्णांक आठ. खाली सही माझी.

तो दिवस मला आठवत होता. कामाला लागून मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एकाच दिवसात तीन स्टेशनं पास करायची होती, पिंपळगाव, वणीच्या रस्त्यावरचं एक आणि नाशिक शहरातलं एक. दुपारी मुलीच्या शाळेतून फोन आला, तिला ताप भरलाय, न्यायला या. मी निघाले. जाता जाता अर्थिंगच्या ठेकेदाराला म्हटलं, आकडे मला कळवा. त्याने संध्याकाळी फोनवर तीन आकडे सांगितले. मुलीच्या उशाशी बसून मी ते तीन कागदांवर लिहिले आणि सह्या केल्या. त्यानंतर एकदाही त्यांची आठवण आली नव्हती.

पिंपळगावचं मशीन तर आता बंदच होतं. पण वणीचं जुनं मशीन अजून बदललेलं नव्हतं, ते चालू होतं. वणीच्या देवीच्या गडावर चैत्राची यात्रा होती. आणि आदल्या दिवशी त्या भागात अवकाळी पाऊस पडून गेला होता.

कंट्रोल रूमला फोन लावला. "वणीचं मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा."

तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, ते स्क्रीनवर दिसतच नाही. जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलंय, नव्यात सोमवारी घेणार. तोवर ते आपलं आपणच चालतंय."

वणीचं मशीन एका मंगल कार्यालयाच्या आवारात होतं. तिथल्या वॉचमनला चार वेळा फोन लावला. स्विच्ड ऑफ. मिस्त्रीला पट्टी जोडायला खड्ड्यापाशी ठेवून मी टेस्टर गाडीत टाकला आणि निघाले. वाटेतूनच साहेबांना फोन केला. ते आमच्या विभागाचे प्रमुख.

"साहेब, वणीच्या अर्थिंगबद्दल शंका आहे. मी बंद करायला चाललेय."

"यात्रेत बंद? अहो, गडावर जाणाऱ्या गाड्यांना तिथे दुसरं आहे काय? आणि शंका कसली? तुमचाच रिपोर्ट माझ्यासमोर आहे, एकच्या आत रीडिंग आहे."

बाजूने द्राक्षांच्या क्रेटचे टेम्पो जात होते. मी गाडी कडेला घेतली. इथे गप्प बसले तर चालून जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. पट्टी नंतर कुणीतरी काढली असेल, असं म्हणता आलं असतं.

"साहेब, ते मी मोजलेलं नव्हतं," मी म्हणाले. "त्या दिवशीचं एकही नाही. ठेकेदाराने सांगितलं ते लिहिलं."

ते म्हणाले, "शहरातल्या स्टेशनवर मी माणूस पाठवतो. तुम्ही वणी बंद करा. बाकीचं उद्या बोलू."

पाऊण तासाचा तो रस्ता मला संपेना. दर पाच मिनिटांनी वॉचमनला फोन लावत होते. डोळ्यांसमोर फक्त हात येत होते, मशीनच्या केबलची बंदूक धरलेले, कुणाकुणाचे.

पोहोचले तेव्हा आवारात पाणी साचलेलं होतं. मशीनला एक पांढरी गाडी लावलेली होती. तिच्या दाराला हात टेकून एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत त्या पाण्यात. चार्जिंग सुरू असताना गाडीची बॉडी मशीनच्या अर्थिंगलाच जोडलेली असते.

"आजी, हात काढा! गाडीला हात लावू नका!"

माझा आवाज इतका मोठा झाला की त्या दचकून मागे सरकल्या आणि पाण्यात बसल्याच. मी पळत जाऊन मशीनचं लाल बटण दाबलं. त्यांचा मुलगा सावलीतून धावत आला. "काय चाललंय तुमचं? आईला पाडलंत तुम्ही! तिचा नवस आहे अनवाणी दर्शनाचा. चार्जिंगही बंद केलंत. आता गडावर जायचं कसं?"

मी माफी मागितली, आजींना उठवलं. त्यांना लागलं नव्हतं, लुगडं मात्र चिखलाने भरलं होतं. मग मी खुंट्या ठोकायला लागले. घाईत हातोडा दोनदा बोटावर बसला. ते पाहून तो मुलगाच पुढे आला, काही न बोलता माझ्या हातातून हातोडा घेतला आणि खुंट्या ठोकून दिल्या.

आकडा आला शून्य पूर्णांक नऊ. विश्वास बसेना. जागा बदलून पुन्हा मोजलं. तेवढाच. झाकण उघडलं, पट्टी पाइपला घट्ट बसलेली. मशीन ठीक होतं, चारही वर्षं ठीक होतं. मी ते पुन्हा सुरू केलं आणि ओट्यावर बसून रडले.

आजी शेजारी येऊन बसल्या. "खराब होतं का गं मशीन?"

"नाही आजी. चांगलं आहे."

"मग रडायला काय झालं?"

मी डोळे पुसले. त्यांनी पिशवीतला एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला.

शहरातल्या स्टेशनचा फोन संध्याकाळी आला. जोड सैल होता, आवळून दिला, आता आकडा बरोबर येतोय. दुसऱ्या दिवशी मी लेखी जबाब दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. सहा महिने सही करायचा माझा अधिकार काढून घेतला, आणि जाळ्यातल्या प्रत्येक स्टेशनचं अर्थिंग मशीन बदलण्याआधी नव्याने मोजायचं, मीटरचा फोटो लावल्याशिवाय रिपोर्ट घ्यायचा नाही, असं ठरलं. ते मोजायचं काम त्यांनी मलाच दिलं.

उन्हाळाभर मी खुंट्या ठोकत फिरले. आणखी दोन ठिकाणी अर्थिंग नावापुरतंच निघालं. त्या रिपोर्टांवर सह्या दुसऱ्यांच्या होत्या. साहेब म्हणाले, "बघा, तुम्ही एकट्याच नव्हता." ते धीर द्यायलाच म्हणाले असतील. पण त्या दिवशी घरी येताना मी तेवढाच विचार करत राहिले की त्या दोन ठिकाणी कुणाकुणाला मुंग्या आल्या असतील, आणि त्यांनाही ते साधंच वाटलं असेल.