सहा सिलिंडरची गाडी विकणारे काका

मोबाइलवर जाहिरात पाहून मी खामगावला ती जुनी जपानी मोटारसायकल पाहायला गेलो. मालक साठीचे, बोलायला मोकळे. सहा सिलिंडरची ती गाडी त्यांनी हळूहळू आपल्या अंगाला बेतून घेतली होती. हँडल उंच केलं होतं, सीट खाली घेतली होती, सायलेन्सर स्वतः वेल्डिंग करून बसवला होता.

माझ्याआधी एक बंगलेवाले गृहस्थ येऊन गेले होते. त्यांना ती दिवाणखान्यात ठेवायची होती.

"त्यायले नाही म्हटलं," काका म्हणाले. "ते तिले नुसते पुसत बसतीन."

मला त्यांनी चालवायला दिली आणि स्वतः मागे बसले. जलंबच्या रस्त्यावर मी वेग वाढवला, तसा इंजिनाचा आवाज भरून आला. आरशात पाहिलं, तर त्यांनी डोळे मिटले होते.

परतल्यावर मी विचारलं, "काका, इतका जीव आहे, तर विकता कशाला?"

त्यांनी डावा पंजा मिटून दाखवला. लकव्यानंतर तो अर्धाच मिटत होता.

"क्लच दाबल्या जात नाही आता. मेकॅनिक म्हने, पायानं दाबाचा क्लच बसवून देतो. मी म्हटलं, राहू दे. माह्यासाठी तिले लय बदलवलं. आता तिच्यासाठी मालक बदलवतो."

इतक्या मायेनं सांभाळलेलं काही इतक्या सरळपणे सोडून देणं मला जमलं नसतं.

मी गाडी घेतली. निघताना त्यांनी फाटक उघडलं, रस्त्यावर उतरले आणि मी वळेपर्यंत उजवा हात उंच करून येणारी वाहनं थांबवून धरली.