आजच्या घडीला दोन्ही नाही

माझे वडील नागपूरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. सुट्टीत तिरोड्याला घरी आले की जेवताना आम्हालाही शिकवत. कुठलंही विधान खरं तरी असतं नाही तर खोटं, हा जुना नियम. पण युरोपात कुणीतरी तिसरं मूल्य मांडलं होतं. उद्याबद्दलचं विधान आज खरं नसतं, खोटंही नसतं. ते अजून ठरायचं असतं. हे सांगताना त्यांचा भात गार होई.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. मला पाहायला सडक अर्जुनीचे पाहुणे आले. बोलणी जमली. आमच्याकडे सुपारी फुटली की सोयरीक पक्की. त्याआधी मुलाकडचा वडीलधारा एक प्रश्न विचारतो आणि मुलीचा बाप हो म्हणतो. इतकंच असतं ते. मुलाच्या मामांनी अडकित्ता हातात घेतला.

"गुरुजी, पोरगी आमच्या घरी नांदंल ना?"

वडील विचारात पडले. "हे आज खरं म्हणता येत नाही. खोटंही म्हणता येत नाही."

"म्हंजे? हो का नाही, ते सांगा ना जी."

"आजच्या घडीला दोन्ही नाही."

"काऊन? काही लपवून राहिले का?"

दाराआडून आई म्हणाली, "अहो, हो म्हणा ना!" वडील तिलाच समजावू लागले, तेही पाहुण्यांसमोर. मामांनी अडकित्ता मिटला. बैलगाडीत चढताना कुणीतरी आम्हाला ऐकू येईल असं म्हणालं, "पोरीले फिट येत असंल." मी चटईवर तशीच बसून होते. पुढे विहिरीवर बायका विचारत, फिट कधी येते गं? मी अर्धी घागर घेऊन परत फिरे.

दुसरं स्थळ गोंदियाचं आलं, तेव्हा आईनं वडिलांना आधीच बजावलं होतं. तोच प्रश्न आला. वडील झटकन "हो" म्हणाले, सतरंजीकडे बघत, चुकीचं उत्तर पाठ केलेल्या पोरासारखे. सुपारी फुटली. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी मान खाली घातली. पाहुण्यांना वाटलं, मुलगी लाजरी आहे.

मी नांदले. चांगली नांदले. माहेरी गेले की आई म्हणायची, "बघा, तुमचं हो खरं निघालं."

"निघालं," वडील म्हणायचे, "पण मी म्हणालो तेव्हा नव्हतं."

ते माझ्याकडे बघायचे नाहीत. मी ताटं उचलायला घ्यायची.