कोपऱ्यावरचं दुकान

त्याच्याइतका गोडबोल्या मी दुसरा पाहिला नाही. परंड्यात जुनी दुकानं पाडून नवी बाजारपेठ उठवायची ठरली, तेव्हा लोकांना राजी करायला नगरपालिकेनं त्याला नेमलं. तो चपला काढून ओट्यावर बसायचा, दिलेला चहा वाखाणून प्यायचा आणि मग नव्या बाजाराचं रंगीत चित्र मांडीवर पसरायचा.

"बोट ठिवा अण्णा. कुठलं दुकान पायजे?"

मी स्टँडासमोरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"लई झ्याक निवडलं," तो म्हणाला.

माझं दुकान पाडलं त्याला वर्ष झालं, तरी नव्याचा पायासुद्धा खणला नव्हता. एक दिवस शेजारच्या आळीत एका म्हाताऱ्या अत्तरवाल्या चाचांपुढं तो तेच चित्र पसरून बसलेला दिसला. चाचांनीही कोपऱ्यावरच बोट ठेवलं. बोटं लागून लागून तिथला रंग पार उडाला होता.

"खरंच मिळंल व्हय?" चाचांनी विचारलं.

"ह्या अण्णांनाच इचारा की," माझ्याकडं बघून तो हसला.

माझा दुकानाचा अर्ज अजून त्याच्याच पिशवीत होता. मी मान डोलावली.