फौजींची पावाची गाडी

आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, "फौजींचं घर कुठलं?" तर शेंबडं पोरही तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. फौजी म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायचे. सैन्यातून परत येऊन इतकी वर्षं झाली होती की गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्यांना वर्दीत कधी पाहिलंच नव्हतं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. अंगकाठी किरकोळ, मिशी मात्र दोघांना पुरेल एवढी.

सैन्यात ते ड्रायव्हर होते. लढाईच्या दिवसांत पुढच्या ठाण्यांवरून जखमींना गाडीत घालायचं आणि मागच्या इस्पितळात पोचवायचं, हे त्यांचं काम. त्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत. एकदाच, भाजी निवडता निवडता मला म्हणाले होते, "रस्त्याची भीती नाही वाटायची गं. मागचं कण्हणं थांबलं की वाटायची. म्हणून मी सारखा बडबडायचो. गाव कुठलं, घरी कोण कोण, बायको भांडते का. मागून उत्तर आलं की जीव भांड्यात पडायचा."

त्याच दिवसांत इकडे घरी सासूबाईंना दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. गल्लीत वाहन कुणाकडे नव्हतं. शेजाऱ्यांनी लाकडं वाहायच्या हातगाडीवर गादी टाकली, त्यांना निजवलं आणि ढकलत ढकलत दवाखाना गाठला. सासूबाई वाचल्या. बाळ, मुलगी होती, ती काही वाचली नाही. मामंजींना हे समजलं ते सुट्टीवर घरी आल्यावर. सासूबाई सांगतात, ते रडले नाहीत की ओरडले नाहीत. नुसते उठून बाहेर गेले आणि कितीतरी वेळ त्या हातगाडीपाशी उभे राहिले. आत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "तिकडे मी परक्यांच्या लेकरांना वेळेवर पोचवत होतो."

सैन्यातून मोकळे झाल्यावर त्यांना बेकरीत काम मिळालं. सकाळी गाडी भरून दुकानादुकानांत पाव टाकायचा. काही वर्षांनी त्या गाडीचं इंजिन बसलं. मालकाने नवी घेतली आणि जुनी भंगारात काढायला निघाला.

"मला द्या," मामंजी म्हणाले.

"अहो फौजी, ती चालत नाही."

"ते माझ्याकडे लागलं."

गल्लीच्या टोकाला एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. माणूस तोंडाचा फटकळ, पण मामंजींचा जिवलग. त्याने बॉनेट उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "फौजी, हिला मिस्त्री नको, खांदेकरी हवेत." तरी दुसऱ्या दिवशी पाने-पक्कड घेऊन हा आधी हजर. कितीतरी सुट्ट्या दोघांनी त्या गाडीखाली लोळून काढल्या. पावाच्या फळ्या काढून आत एक खाट बसवली. रोग्याला हिसके बसू नयेत म्हणून खाटेखाली जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा लावल्या. वरून पांढरा रंग दिला. रंग मात्र पातळ झाला. ऊन पडलं की खालची लाल अक्षरं वर यायची. आत अत्यवस्थ माणूस आणि बाहेर 'ताजा व लुसलुशीत'! पावाचा वासही त्या गाडीने शेवटपर्यंत सोडला नाही. कुणाचंही दुखणंखुपणं असो, फौजींना हाक मारायची. पेट्रोल ज्याला जमेल त्याने घालावं, नाही जमलं तर नाही.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मामंजी भरल्या ताटावरून उठले. हात धुतला न धुतला आणि निघाले. मी गोंधळून बघत राहिले. सासूबाईंनी मान वर न करता त्यांचं ताट झाकलं. "हे असंच चालायचं," म्हणाल्या. "तू आपली झाकण कुठे ठेवतात ते पाहून ठेव."

आमचे हे शिंपी. हात सुरेख, पण रक्त दिसलं की घेरी. एकदा मदतीला म्हणून गाडीतून गेले. मामंजी एक पेशंट घेऊन निघाले आणि इस्पितळात दोन उतरवले! गल्ली हसून हसून लोळली. मामंजींनी मात्र त्यांना कधी टोमणा मारला नाही. "त्याच्या बोटांत कला आहे, तिच्यावर त्याला जगू दे," म्हणायचे. पण पुढे गाडीचं काय, हा घोर त्यांना होताच. तो मला दिसत होता.

एके दिवशी मीच विचारलं, "मामंजी, मला शिकवाल?"

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "पाय पोचतील का?"

"पाठीमागे उशी घेईन."

बेकरीमागच्या मैदानात माझी शिकवणी सुरू झाली. मामंजी शेजारी बसायचेच नाहीत. मागे खाटेवर पेशंट होऊन आडवे व्हायचे. ब्रेक जरा जोरात लागला की मागून आरोळी, "मेलो, मेलो!" पहिल्या दिवशी बेकरीतली माणसं पिठाच्या हातांनी धावत आली होती.

शेजारच्या काकूंना काही हे रुचलं नाही. "फौजी, सून अशी गाडी हाकत फिरणार? शोभतं का?"

"तुमच्या छातीत कळ आली की आधी सांगून ठेवा, काकू," मामंजी म्हणाले. "तुमच्यासाठी दुसरी गाडी बघतो."

काकू पदर सावरत आत गेल्या.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर जायला लागले. कधी मी चालवायची, कधी ते. ते चालवत असले की मला सारखं विचारायचे, "पुढे काय दिसतंय? सांग." मला वाटायचं, माझी परीक्षा घेताहेत. मीही चढाओढीने सांगायची, ट्रक वळतोय, शाळा सुटलीय, डावीकडे खोदलंय.

एकदा बांधकामावरून पडलेल्या एका गवंड्याला घेऊन आम्ही निघालो होतो. त्याचा भाऊ मागे त्याला धरून बसला होता. चौक जवळ आला.

"सिग्नल?" मामंजींनी विचारलं.

"लाल."

"आपला लाल, की आडवा?"

परीक्षा घेणारा माणूस असं विचारत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. हात चाकावर घट्ट, मान पुढे काढलेली आणि डोळे बारीक करून ते समोर काहीतरी शोधत होते. ओरडायची सोय नव्हती, मागे दोन माणसं होती. मी आवाज शक्य तितका साधा ठेवला. "आपलाच लाल. थांबा. आता हिरवा झाला. उजवीकडे सायकलवाला आहे, त्याला जाऊ द्या. आता चला." इस्पितळाच्या फाटकापर्यंत मी एक क्षण बोलायची थांबले नाही.

गवंडी वाचला. त्याला आत नेल्यावर मामंजी बाहेरच्या पायरीवर चष्मा पुसत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"कधीपासून?"

"डावा मागच्या वर्षीच गेला. उजवा निघालाय त्याच्या मागे."

"आणि तुम्ही गाडी चालवत होतात? एखादं पोर आडवं आलं असतं तर?" त्यांच्यापुढे माझा आवाज कधी चढला नव्हता, त्या दिवशी चढला. जाणारी-येणारी माणसं वळून बघायला लागली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चूकच आहे माझी. भीती वाटत होती, पोरी. मी थांबलो आणि त्याच दिवशी कुणावर हातगाडीवरून जायची पाळी आली तर?" त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घरी तू ने."

चालकाच्या जागेवर ते पुन्हा कधी बसले नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढायची वेळ आली, तर चाचपडत चाचपडत मागच्या दाराने स्वारी आत चढली आणि खाटेशेजारी बसली. "चल," म्हणाले. "पुढचं तू बघ, मागचं मी बघतो."

आणि खरं सांगायचं तर त्यांची खरी जागा तीच होती. रोग्याचा हात हातात घ्यायचा आणि बोलत सुटायचं. एक बाई कळांनी कासावीस होऊन त्यांना वाट्टेल ते बोलायला लागली. हे म्हणाले, "मला कशाला? नवऱ्यासाठी राखून ठेव." त्या वेदनेतही बाई खुदकन हसली.

मग एकदा सासूबाईच न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. ह्यांनी त्यांना उचलून गाडीत ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले, पांढरेफटक. मागे मामंजींनी सवयीप्रमाणे सुरुवात केली.

"गाव कुठलं? घरी कोण कोण?"

"अहो, मी आहे!"

"माहीत आहे. विचारलं त्याचं उत्तर दे. नवरा भांडतो का?"

"भांडत नाही. जेवता जेवता उठून जातो, एवढंच."

आम्ही पुढे दोघंही हसलो. हसता हसता माझे डोळे भरून आले, पण रस्ता दिसायला हवा होता. मग मामंजींचा आवाज आला, अगदी हळू. "त्या वेळी मी नव्हतो."

"आज आहात ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग गप्प नका बसू. दुखतंय मला. बोलत राहा."

ते इस्पितळ येईपर्यंत बोलत राहिले. सासूबाई बऱ्या झाल्या, काठी घेऊन चालायला लागल्या.

शेवटची दोन-तीन वर्षं मामंजींना काहीच दिसत नव्हतं. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून मिस्त्रीशी हुज्जत घालत बसायचे. एका दुपारी बोलता बोलता त्यांची मान कलली. मिस्त्रीला वाटलं, डुलकी लागली. थोड्या वेळाने त्याने खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

शोकसभेला आमच्या दारात मामंजींची ती खुर्ची आणून रिकामीच ठेवली होती. माजी सैनिकांच्या संघटनेतले दोघे जण आले. पदकं लावून, ताठ उभे राहून कर्तव्याबद्दल चांगलं बोलले. मग घरच्यांपैकी कुणी बोलावं म्हणाले. ह्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. शेवटी मिस्त्री उठला.

"फौजी फार हट्टी होता," तो म्हणाला. "मला आयुष्यभर त्याने सुट्टी म्हणून घेऊ दिली नाही." त्याने खिशातलं फडकं काढून डोळे पुसले. ते गॅरेजातलं निघालं. सगळं तोंड काळं झालं. कुणी हसायचं धाडस करेना. सासूबाईच उठल्या, काठी टेकत आत गेल्या आणि ओला टॉवेल आणून त्याच्या हातात दिला.

"तोंड पुसा, भावजी," त्या म्हणाल्या. "आणि बसा. त्यांच्या खुर्चीवर बसलात तरी चालेल."